बहात्तरावं भोक

मुलांनो, एक गोष्ट मनात आणून बघा. लेथ तुम्ही पाहिला असेल. लाकूड गरागरा फिरतं आणि कातारी पटाशी घट्ट धरून उभा असतो. लाकडानं फिरायचं, हत्यारानं थांबायचं. आता हे सगळं उलटं करा. लाकूड जागच्या जागी गप्प बसलंय आणि हत्यारच त्याच्यापुढं माशीसारखं भिरभिरतंय. ते लाकडाला शिवतं, एक पाकळी कोरतं आणि मागं सरतं. मग कुणीतरी लाकडाला मोजून थोडंसं वळवतं आणि खुंटी घालून पुन्हा गप्प करतं. पुन्हा एक पाकळी. असं चोवीस वेळा.

आलं डोळ्यांपुढं? आता समजा, त्या लाकडापुढं कुणीच नाही. पाच महिने झाले, त्याला कुणी हात लावलेला नाही. डबीच्या झाकणावर सतरा पाकळ्या कोरलेल्या आहेत आणि सात पाकळ्यांची जागा कोरी आहे. हत्याराच्या टोकाला तेलाची चिंधी बांधलेली आहे आणि ती गाठ अजून कुणी सोडलेली नाही. दारात एक अकरा वर्षांची मुलगी उभी आहे. आत पाऊल टाकावं की टाकू नये, ते तिचं ठरत नाही.

ती नेस्टा. कोल्डवेल गावच्या प्रोबर्ट सुतारांची मुलगी.

ते साल सत्तेचाळीस. जानेवारीत पडलेलं बर्फ मार्च अर्धा सरेपर्यंत हटलं नव्हतं. कुंपणं गाडली गेली, वाटा गाडल्या गेल्या, उभ्याच्या उभ्या मेंढ्या गाडल्या गेल्या. मग एका रात्रीत वारा फिरला आणि सगळं बर्फ एकदम पाणी होऊन खाली आलं. नदी शेतांत शिरली. कुणाच्या गाडीचं चाक पुरात मोडलं, कुणाची गाडीच वाहून गेली. ट्रॅक्टर आले होते, पण चिखलात तेही नाकापर्यंत रुतलेले. लोकांना पुन्हा घोडे आठवले, घोड्यांना गाड्या हव्या होत्या, गाड्यांना चाकं.

सोमवारी दुपारी बफ्टन शेतकरी चिखलाचे बूट आपटत प्रोबर्टांच्या कारखान्याच्या दारात आला. त्याच्यासोबत ॲम्ब्रोजकाका होता, नेस्टाच्या बाबांचा धाकटा भाऊ. तो दोन मैलांवर राहायचा. थोरला भाऊ लेवी गेल्यापासून इथलं काम तोच बघायचा.

"चार चाकं," बफ्टन म्हणाला. "पेरणीच्या आत. चाकांचे मधले तुंबे नवे लागतील, जुने फाटले सगळे. होतील का नाही ते सांग, नाहीतर मी पलीकडच्या गावात जातो."

"होतील की," काका म्हणाला.

बफ्टननं आत डोकावून लेथकडं पाहिलं आणि तो हसला. "यावर? अरे, यावर तुंबा बसतो तरी का आता? लेवीनं याची पार शिंप्याची मशीन करून टाकली. भला माणूस होता, पण डबीत बसून कुणी बाजाराला जात नाही."

काका हसला नाही. नेस्टा लाकडाच्या ढिगाआड बसून सालपटं गोळा करत होती. तिचे कान तापले.

बफ्टन बोलला ते खोटं नव्हतं. हा लेथ आजोबांच्या वडिलांनी गाडीच्या तुंब्यांसाठीच उभा केला होता. लेथाच्या डोक्याखाली, म्हणजे लाकूड धरून फिरवणाऱ्या भागाखाली, एल्मच्या लाकडाचे दोन जाड ठोकळे होते, म्हणजे घोड्याच्या डोक्याएवढा तुंबासुद्धा मोकळा फिरायचा. बाबांनी ते ठोकळे काढून टाकले होते आणि डोकं खाली थेट फळीवर घट्ट आवळलं होतं, कारण नक्षीला केसभरही हलणारं काही चालत नाही. मग वर्षानुवर्षं एकेक वस्तू जोडत गेले. चीज दाबायच्या मोडक्या यंत्रातला स्क्रू काढून त्याची सरकती बैठक केली. दूध घुसळायच्या मशीनचा दांडा घेऊन त्याची फिरकी केली आणि तिच्या टोकाला तांदळाएवढं पातं बसवलं. लेथाच्या मागं ॲशच्या लाकडाचे दोन खांब रोवून वर आडवा दांडा टाकला. त्यावरून तातीची दोरी खाली फिरकीपर्यंत आणली. दोरी ताणलेली राहावी म्हणून एका टोकाला जुन्या घड्याळाचं शिशाचं वजन टांगलं. आणि सगळ्यात शेवटी लेथाच्या चाकाला पितळेची चकती बसवली. तिच्या कडेनं शहाण्णव भोकं. खुंटी ज्या भोकात घालाल, तिथं लाकूड थांबणार.

"शुक्रवारी येतो," बफ्टन गेल्यावर काका आजोबांना म्हणाला. "ठोकळे आणतो. डोकं उचलून ते खाली घालू. ते मागचे खांबही काढावे लागतील, तुंबा चढवायला आडवे येतात."

इनॉक आजोबा बाकावर बसले होते. त्यांच्या डोळ्यांत सायीसारखं पांढरं आलं होतं. माणूस दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. ते फक्त "हं" म्हणाले.

"आणि ती डबी?" नेस्टा ढिगाआडून बोलली.

काका दचकला. "तू इथंच होय गं? डबी काढून तुझ्या आईला देतो ना."

"काढली की संपलं. पुन्हा तशीच बसत नाही ती. बाबा म्हणायचे, एकदा काढली की मग देवानं बसवली तरी वाकडीच बसते."

काकानं टोपी काढून डोकं खाजवलं. तो वाईट माणूस नव्हता. "पोरी, ती पुरी करणार कोण? मला ते येत नाही. तुझ्या आजोबांनी त्याला कधी हात लावला नाही."

आजोबा पुन्हा "हं" म्हणाले, पण या वेळचं "हं" निराळं होतं.

संध्याकाळी आई घरी आली. त्या दिवसांत आयव्ही प्रोबर्ट टेकडीवर मेलेल्या मेंढ्यांची लोकर उपटायला जायची. बर्फाखालून निघालेल्या मेंढ्या कुंपणाकडेला रांगेनं पडलेल्या असायच्या आणि बायका त्यांच्यावर वाकून मूठ-मूठ लोकर ओढायच्या. लोकर सहज निघायची. इतकी सहज निघायची, तेच भयंकर होतं. आई दाराबाहेरच हात घासायची, राखेनं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. तरी पाव कापताना तिच्या बोटांना तो वास यायचाच आणि ते तिघंही वास येत नसल्यासारखे जेवायचे.

नेस्टानं शुक्रवारचं सांगितलं.

"ॲम्ब्रोज भावजी येऊन बोलले मला वाटेत," आई म्हणाली. तिनं फळीवरची सुयांची डबी खाली घेतली. नेस्टाच्या मोज्याला भोक पडलं होतं. डबीही बाबांनीच केलेली. आई दोरा ओवायच्या आधी नेहमी अंगठा झाकणावरून फिरवायची. पाकळ्यांवरून अंगठा सरसर जायचा, एका पाकळीपाशी जरा अडखळायचा आणि पुढं जायचा. ती पाकळी शेजारणीला किंचित खेटून होती. सगळ्यांना ते माहीत होतं, पण कधी कुणी विचारलं नव्हतं.

"आई, ती डबी तुझ्यासाठी होती ना?"

"होती."

"मग?"

"मग काय? सुया ठेवायला एक आहे माझ्याकडं." आईनं दोरा दातानं तोडला. "नेस्टा, मला तो लेथ डोळ्यांपुढं नको झालाय. आज सकाळी दार लावायला गेले, तर ते फिरत होतं."

आजोबांनी चमचा खाली ठेवला. "काय फिरत होतं?"

"ती फिरकी. पातं. कुणी पाय लावलेला नाही, आणि हळूच अशी पाव गिरकी. मी उभी राहिले तर थांबली."

चुलीवरच्या किटलीचं झाकण तेवढं हलत होतं.

"तातीची दोरी आहे," आजोबा शेवटी म्हणाले. "आतड्याची. ओल लागली की आखडते, वजन वर उचलतं, तशी फिरकी वळते. हवा सुकली की उलटी वळते. त्यात काही नाही."

"मला ठाऊक आहे त्यात काही नाही," आई म्हणाली. "तरी सांगितलं."

नेस्टालाही ठाऊक होतं. वजनामागच्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या: पाऊस, धुकं, कोरडं. पण तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती, आणि त्या गोष्टीपायी ती ऑक्टोबरपासून शाळेला लांबच्या वाटेनं जात होती. जवळची वाट हॉप, म्हणजे बिअरमध्ये घालायची कडू फुलं, सुकवायच्या भट्टीमागून जायची.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती सरळ कारखान्यात गेली. आतला वास तसाच होता, एल्मचा आंबूस, सरसाचा गोडसर. कोपऱ्यात शवपेटीच्या फळ्या उभ्या होत्या. गावात कुणी गेलं की पेटी प्रोबर्टांकडंच होते, आणि तिची सालपटं कधी चुलीत जात नाहीत. ती पोत्यात भरून पेटीत उशीला घालतात, त्याच्या लाकडाचं त्याच्याबरोबर जावं म्हणून. बाबांची पेटी आजोबांनी एकट्यानं केली होती, हातानं चाचपत. नेस्टानं सालपटं वेचली होती. एकही मागं राहू नये म्हणून ती बाकाखाली गुडघ्यांवर रांगली होती.

ती पायफळीवर उभी राहिली. मोठं चाक कुरकुरलं, अर्धं वळलं आणि परत आलं. तिनं पुन्हा दाबलं. चाक फिरू लागलं, पण मग तिचे हात बैठकीच्या दांड्यापर्यंत पोचेनात. दांडा धरला की पाय उचलायचा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिनं चाकावर लाथ मारली.

"त्याला मारून काय होणार," आजोबा दारातून म्हणाले. "दोन माणसांचं काम आहे ते."

"बाबा एकटे करायचे."

आजोबा भिंत चाचपत आत आले. "करायचा. खोकत करायचा. मला दोनदा म्हणाला, बाबा, नुसता पाय द्या, मी हात सांभाळतो. मी म्हटलं, तुंबा कातायला सांग, दिवसभर पाय देतो. या खेळण्याला माझा पाय लागणार नाही." त्यांनी हातातली काठी बाकाला टेकवली. "सरक तिकडं."

त्यांनी उजवा पाय फळीवर ठेवला. म्हाताऱ्याचा पाय, पण साठ वर्षं त्या फळीवर चाललेला. चाकानं कुरकुर केलीच नाही. एका दमात फिरलं, वरचा दांडा फिरला, तातीची दोरी गुणगुणू लागली, आणि त्या तेलकट चिंधीसकट फिरकी भिरभिरली.

"अहो, चिंधी!"

"मग सोड की ती आधी! मी आंधळा, तू पण आंधळी का?"

नेस्टाला हसू फुटलं. पाच महिन्यांत त्या खोलीत घरातलं कुणी हसलं नव्हतं. मग ती गाठ सोडायला वाकली. हसू ओसरलं. गाठ बाबांची होती, दोन फेरे आणि एक फास. ती नखांनी हळूहळू सोडवत बसली. आजोबा वाट बघत राहिले. गाठ सुटली तेव्हा आतलं पातं लखलखीत होतं. बाबांनी पुढच्या पाकळीसाठी धार लावून ठेवली होती.

"आता ऐक," आजोबा म्हणाले. "मला दिसत नाही, म्हणून तू मला सांगायचं आणि मी तुला ऐकून सांगायचं. स्क्रूला हात लावू नकोस. त्यानं लावलेलं सगळं तसंच राहू दे. दांडा पुढं ढकलायचा, सावकाश. पातं गात असेल तर बरोबर. दात खाल्ल्यासारखं करायला लागलं तर तू घाई करतेस. अडसराला टेकलं की तीन मोज आणि मागं घे. आज लाकडाला शिवायचं नाही. आज नुसत्या हवेत."

त्यांनी हवेत पाकळ्या कोरल्या. तास गेला. नेस्टाच्या खांद्यांना कळ लागली. आजोबा मोजायचे, ती ढकलायची. "दात खातंय." "हवेत कसं दात खाईल?" "तुझा हात थरथरतोय, दोरी सांगते मला." पुन्हा. गुरुवारी पुन्हा तेच, पाऊस कौलांवर पडत असताना, शिशाचं वजन पावसाच्या रेघेपाशी टांगलेलं. आई लोकर उपटून आली, दारात थांबली, आतला आवाज ऐकला आणि आत न येता हात घासायला गेली. त्या दिवशी तिनं फार वेळ हात घासले.

"उद्या काकाच्या आधी," आजोबा म्हणाले. "सात पाकळ्या. अर्धा तास पुरे."

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, रात्रभरच्या पावसानं शाळेच्या तळघरात पाणी आणलं होतं. पण ॲम्ब्रोजकाकाही सकाळीच आला. हातगाडीवर दोन ठोकळे, एल्मचा एक ओबडधोबड तुंबा आणि हातात मोठा पाना. आत येऊन बघतो तर म्हातारा फळीवर पाय ठेवून उभा, पोरगी दांडा धरून.

"हे काय चाललंय?"

"काम," आजोबा म्हणाले.

"बाबा, बफ्टन दुपारी बघायला येणार आहे. मी त्याला शब्द दिलाय."

"मग दुपारी ये."

"अहो, डोकं उचलायलाच तास जाईल! वहिनी, तुम्ही तरी सांगा."

आई मागच्या दारात उभी होती, टेकडीवर जायला डोक्याला रुमाल बांधून. तिनं काकाकडं पाहिलं, पान्याकडं पाहिलं. "भावजी," ती म्हणाली, "चहा टाकते. रेशनचा आहे, पण टाकते. तो पिऊन होईपर्यंत थांबा."

काकानं पाना ठोकळ्यावर ठेवला. रागानं नाही, पण आवाज होईल असा.

शेवटची पाकळी जिथं कोरली होती, खुंटी अजून त्याच भोकात होती. नेस्टानं ती ओढून काढली. चोवीस पाकळ्या, शहाण्णव भोकं, म्हणजे दर चौथं भोक. तिनं चकती वळवत बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथ्या भोकाशेजारी पितळेत आकडा ठोकलेला होता. प्रत्येक बाराव्या भोकाशी असा आकडा असायचा.

तिथं बहात्तर लिहिलेलं होतं.

तिचा हात चकतीवरच राहिला.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं. "खुंटी घातलीस?"

काका पुढं झाला, वाकून बघितलं, नख भोकावरून फिरवलं. "हे तर वाकडं आहे. बघा, दोन्हीकडचं अंतर सारखं नाही. अर्ध्या केसानं सरकलंय. घातलीस तर पाकळी खेटणार." तो सुतारच होता शेवटी, डोळे कामाला लागले. "थांब. खुंटीला एका बाजूनं पातळ पत्र्याची फीत लावू. तेवढी भरपाई होईल. सरळ पडेल."

"वाकडं कसं झालं ते?" नेस्टानं विचारलं. तिचा आवाज अगदी खालून आला.

आजोबांनी फळीवरचा पाय काढला. "मी चकती धरली होती तेव्हा. लढाईचे दिवस, पितळ कुठं मिळत नव्हतं. हा एकच तुकडा. लेवीनं कागदाची पट्टी कडेनं गुंडाळून खुणा केल्या होत्या. दोन दिवस भोकं पाडत होता. एकाहत्तर नीट पाडली. बहात्तराव्याला गिरमिट टेकवलं, आणि तू धावत आलीस, अशी ओरडत की वाटलं आग लागली. 'बाबा, माझा दात पडला!' हातात दात, तोंडात रक्त. त्याचा हात सरकला." म्हातारा थांबला. "मी म्हटलं, बुजव ते, बाजूला दुसरं पाड. शिवी पण दिली. तो नुसता हसला. म्हणाला, राहू द्या."

आई चहाचे कप घेऊन उंबऱ्यात थांबली होती.

"ते मला बोलवायचे," नेस्टा म्हणाली.

"कोण?"

"बाबा. कुठलीही डबी असली तरी. हे भोक आलं की मला बोलवायचे. मी कुठंही असले तरी. 'नेस्टे, तुझं भोक आलं गं!' मग मी यायचे आणि खुंटी मी घालायचे. मग म्हणायचे, जा आता खेळायला. बाकीच्या भोकांत खुंटी कधी मला घालू दिली नाही." तिनं खुंटी मुठीत धरली. "मला वाटायचं, ते उगाच. गंमत म्हणून."

पाऊस थांबला होता. कौलांवरून थेंब पडत होते, आणि एवढ्या शांततेत फिरकी आपोआप किंचित वळली. या वेळी कुणी तातीच्या दोरीचं नाव काढलं नाही.

"या डबीच्या वेळी, त्या दिवशी पण बोलावलं," नेस्टा म्हणाली. "तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा खोकत होते. मी भट्टीमागं होते. शाळेतली ग्लेनिस आणि मी. आम्ही लपलो होतो. मी म्हटलं आले, आले. पण हळूच म्हटलं, त्यांना ऐकू जाऊ नये असं. आणि गेले नाही."

"मी ऐकल्या होत्या त्या हाका," आई म्हणाली. कपातला चहा बशीत सांडला होता. "लांबून शब्द कळले नाहीत. मला वाटलं, तुला चहाला बोलावतायत."

दुसऱ्या दिवसापासून बाबा अंथरुणाला खिळले होते. नवव्या दिवशी गेले.

काकानं खिशातून पत्र्याचा बारीक तुकडा काढला, अंगठ्यानं सरळ केला आणि बोटांत धरून उभा राहिला. पुढं करायला त्याला धीर होईना. मग त्यानं तो तुकडा पुन्हा खिशात टाकला.

नेस्टानं खुंटी बाकावर ठेवली. हात फ्रॉकला पुसले. आणि एकदम दाराकडं पळाली, आईच्या बाजूनं, कपांना धक्का देत, अंगणातून, कुंपणाच्या फटीतून बाहेर.

"गेली," काका म्हणाला. "जाऊ द्या, बाबा. लहान आहे."

आजोबा हलले नाहीत. त्यांनी मान एका बाजूला कलती केली होती. ते तिच्या पावलांचा आवाज ऐकत होते. "गप्प बस," ते म्हणाले. "शाळेच्या लांबच्या वाटेला नाही गेली ती. भट्टीच्या वाटेला गेली."

नेस्टा भट्टीमागं जाऊन उभी राहिली. विटांवर शेवाळ आलं होतं. मागच्या वर्षीच्या हॉपचा कडवट वास भिंतीत अजून होता. जमिनीवर ऑक्टोबरातल्या चेस्टनटच्या फुटक्या साली काळ्या पडून चिखलात रुतल्या होत्या. इथून कारखान्याचं दार दिसत नव्हतं, म्हणूनच त्यांनी ही जागा निवडली होती. पण आवाज इथं येत होता. दूरवर काकाचं खाकरणं आलं, कपाची किणकिण आली. एवढ्या लांब हाक सहज येते. खोकल्यासकट येते.

ती तिथं जराशी उभी राहिली. मग वळली. पळाली नाही. हाक मारल्यावर जसं चालायचं तसं ती चालली, भट्टीच्या कोपऱ्यावरून, कुंपणाच्या फटीतून, अंगणातल्या डबक्याला वळसा घालून. दाराशी आल्यावर तिनं बुटांचा चिखल पायपुसण्यावर पुसला, कारण बाबांना कारखान्यात चिखल आणलेला चालायचा नाही.

"आले," ती मोठ्यानं म्हणाली.

आजोबांनी फळीवर पाय ठेवला.

नेस्टानं बाकावरची खुंटी उचलली, अंगठ्यानं भोक चाचपलं आणि ती बहात्तराव्या भोकात घातली, फितीशिवाय, जशी नेहमी घालायची तशीच. खुंटी बसल्याचा बारीक आवाज झाला. मग तिनं दांड्याला हात लावला.

"चालवा," ती म्हणाली.